औंढ्याच्या डायरेक्टरमावशी

मावशी खुर्चीवर बसल्या की त्यांचे पाय चालायचे. खाली मशीन नसायचं, पायडल नसायचं, तरी दोन्ही टाचा लयीत वर-खाली, वर-खाली. बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या लग्नात मांडवातल्या पुढच्या रांगेत, सगळीकडे तेच. शेजारच्या बाईची खुर्चीसुद्धा हलायची आणि ती बिचारी आधी पंख्याकडे, मग जमिनीकडे आणि शेवटी मावशींच्या पायांकडे बघायची. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. पायांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आणि नाव काय, तर शांता! मी एकदा चेष्टेनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नाव ठिवलं तवा मी झोपले आसंन."

घर औंढ्याला, शिवणक्लास लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर माझा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक निळा पडदा आणि लग्नाच्या अल्बमांनी भरलेलं कपाट. लोणावळ्यातल्या रिसॉर्टांवर बाहेरगावची लग्नं होतात, त्यावर माझं घर चालतं. एका दुपारी मावशी जिना चढून वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सलीम, पिच्चर काढायचाय."

"कुणाचं लग्न आहे मावशी?"

"लग्न न्हाई रं. पिच्चर. थेटरात लागतो तसला."

बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत त्यांनी मला कमलची गोष्ट सांगितली.

कमल ही त्यांची थोरली बहीण. दोघी तरुण होत्या तेव्हा औंढ्याला एका सिनेमाचं युनिट आलं होतं. आमच्या भागाला त्याचं नवल नाही. धुकं, डोंगर आणि धरणाचं पाणी कुणाला नको असतं? गावातल्या बायांना डोक्यावर हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं. हिरोची गाडी येणार आणि बायांनी तिच्याकडे बघायचं, एवढंच काम. कुणीतरी कमलला हाताला धरून पुढे आणलं, "तू इथे उभी राहा" म्हणून. दिवसभर ती उन्हात उभी राहिली. ठेवणीतली साडी नेसली होती. पुढे तो सिनेमा लोणावळ्याच्या थिएटरात लागला तेव्हा सगळी आळी बघायला गेली. गाडी आली, धूळ उडाली, बायांच्या पाठी दिसल्या न दिसल्या, आणि हिरो पुढच्या गावाला पोचलासुद्धा.

"घरी येईस्तवर कमल लय हसली," मावशी म्हणाल्या. "येवढी हसली की मला भ्याच वाटलं. परत कदी थेटरात आली न्हाई ती."

कमलचं सासर तिकोणा पेठेत. आजारपणात ती तिथेच गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात लोक बोलत होते आणि मावशींच्या मनात एकच चाललं होतं, की त्या एका दिवसाचा सिनेमा व्हायला हवा. हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचा. गाडी येते आणि जाते, पण कॅमेरा बाईवरच राहतो. "बाकी काय न्हाई त्यात," त्या म्हणाल्या. "निघतो का न्हाई, सांग. मला क्लास उगडायचाय."

मी नाही म्हणण्याच्या तयारीत होतो. पण संध्याकाळी घरी बायकोला, शबानाला हे सांगितलं आणि ती पोळी तव्यावर तशीच सोडून माझ्याकडे बघत राहिली. शबाना शाळेत शिकवते. तिनंच दुसऱ्या दिवशी क्लासवर जाऊन मावशींना क्राउडफंडिंग समजावून सांगितलं. इंटरनेटवर पान तयार करायचं, आपली गोष्ट मांडायची, मग ज्यांना पटेल ते थोडं थोडं देतात.

मावशींच्या हातातली कात्री थांबली. "क्राउड? मला म्हाइताय की क्राउड. शूटिंगवाले आमालाच क्राउड म्हनायचे. क्राउड बोलाव, क्राउड हटाव." मग त्या उठल्या आणि पोरींच्या मशिनांमधून फिरायला लागल्या. "मंग बरूबर हाय. आता क्राउडनंच काढायचा!"

त्या दिवसापासून गल्लीनं त्यांना डायरेक्टरमावशी म्हणायला सुरुवात केली. आधी चेष्टेनं. कधी चेष्टा संपली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पान भरताना एका रकान्यात विचारलं होतं, मदत करणाऱ्यांना तुम्ही काय देणार? कुणी पोस्टर देतं, कुणी टी-शर्ट. मावशींनी क्षणभरही विचार केला नाही. "तोंड देनार. ज्यानं दिलं त्याचं तोंड पिच्चरमधी दिसनार. पाठ न्हाई, तोंड." शबानानं ते सभ्य भाषेत लिहिलं.

पानाला पुण्या-मुंबईच्या काही लोकांनी हातभार लावला, पण मावशींना वाट बघणं जमायचं नाही. तासातासाला खालून हाक यायची, "हालला का रं आकडा?" नाही म्हटलं की जिन्यावर पावलं वाजायची, स्वतः येऊन स्क्रीनकडे अशा बघायच्या, जणू मीच तो आकडा धरून ठेवलाय. एका आठवड्यात त्यांचा धीर संपला. पैसे पाठवायचा क्यूआर कोड त्यांनी कागदावर छापून घेतला, प्लास्टिकमध्ये घातला, सेफ्टीपिननं पिशवीला लावला आणि निघाल्या.

आंबीला कंपन्यांची शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर उभ्या राहिल्या. औंढ्याच्या बचतगटात गेल्या. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांतून, माझ्या चुलत्याच्या किराणा दुकानातून, आठवड्याच्या बाजारातून फिरल्या. एका ठिकाणी बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांची नजर पुढच्या माणसाकडे गेलेली असायची. कुणी पैसे दिले, कुणी इंद्रायणी तांदूळ, कुणी टेम्पो, कुणी शूटिंगसाठी आपलं घर. आंबीच्या कंपनीतल्या बाया म्हणाल्या, "सुट्टीच्या दिशी येऊ आमी. पन दिसलो पायजे बरं का." मावशी म्हणाल्या, "दिसनार म्हंजे दिसनार."

मला धास्ती वाटायला लागली. "मावशी, किती तोंडं घेणार आहात?"

"जेवडी येतील तेवडी. तू लग्नं काढतोस तवा न्हाई का, समदा मांडव बसतो त्या क्यामेऱ्यात?"

भाताची कापणी झाल्यावर शूटिंग सुरू झालं. कमलचं काम क्लासमधल्या पौर्णिमाला दिलं. मावशींना "कट" म्हणायला आवडायचं नाही. त्या "थांबा" म्हणायच्या आणि तेही त्यांना वेळेवर सुचायचं नाही. शॉट चालू असताना त्या मॉनिटरकडे बघतच नसत. थेट माणसाजवळ जाऊन उभ्या राहायच्या, कधी फ्रेमच्या इतक्या कडेला की त्यांचा पदर आत यायचा. "मावशी, बाहेर व्हा" ही माझी त्या दिवसांतली सगळ्यात मोठी आरोळी. ढग आला की त्याच्यावर चिडायच्या. जेवणाची सुट्टी झाली की हातात भाकरी घेऊन पुढची जागा बघायला निघायच्या आणि मी मागे धावायचो, कारण परत येईपर्यंत त्यांनी सगळा बेत बदललेला असायचा.

गर्दीच्या प्रसंगाच्या दिवशी औंढ्याच्या रस्त्यावर जत्रा लोटली. आंबीच्या बाया टेम्पोतून गाणी म्हणत आल्या. आणि सकाळच्या एसटीनं तिकोणा पेठेहून हौसाआक्का आल्या. हौसाआक्का म्हणजे कमलची जाऊ. वयानं मावशींपेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांनी फडक्यात बांधून कमलची ती ठेवणीतली साडी आणली होती, पौर्णिमाला नेसायला. मावशींनी साडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि पहिल्यांदाच मी त्यांना एका जागी उभं राहिलेलं बघितलं.

हौसाआक्का स्वतः मुलाच्या लग्नातलं रेशमी लुगडं नेसल्या होत्या. गाडी आली की सगळ्या बायांनी गाडीकडे बघायचं ठरलं होतं. आक्का सरळ माझ्या कॅमेऱ्यात बघत राहिल्या.

"आक्का, गाडीकडं बघा."

"गाड्या रोजच बगते. तूच बग माज्याकडं."

मावशी खळखळून हसल्या. "ऱ्हाऊ दे रं. चालू ठिव."

खरी परीक्षा पुण्यात झाली. माझा जुना मित्र अभय एडिटिंग करतो. त्यानं सिनेमा जोडून दाखवला आणि दिवा लावला. कमलची गोष्ट चांगली जमली होती. पण मध्येच ती थांबायची आणि तोंडं सुरू व्हायची. एकामागून एक, आंबीच्या, औंढ्याच्या, बाजारातल्या बायांची तोंडं. संपतच नव्हती. अभय म्हणाला, "मावशी, यातली निम्म्याहून जास्त काढावी लागतील. नाहीतर कमल हरवते."

मावशी ताडकन उठल्या. "तुमी समदे सारकेच," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी मागे गेलो. समजूत घालायची म्हणून म्हणालो, "मावशी, तुम्हीच क्लासमध्ये सांगता ना, कापल्याशिवाय झंपर बेतता येत नाही."

त्या वळल्या. "कापडाला तोंड नसतं, सलीम."

मग काही दिवस जिन्यावर पावलं वाजली नाहीत. खालून नुसता मशीनचा आवाज यायचा, एकसारखा. एका दुपारी त्यांनी माझा लॅपटॉप मागून घेतला आणि क्लासच्या पोरींना सिनेमा जसा होता तसा, पुरता दाखवला. स्वतः मागे उभ्या राहून पडद्याकडे न बघता पोरींकडे बघत होत्या. कमल हंडा उचलते तिथे पोरी पुढे सरसावल्या. तोंडं सुरू झाली, आपापल्या ओळखीची माणसं बघून पोरी हसल्या, आणि मग एकेकीनं मोबाइल काढला.

संध्याकाळी मावशी माझ्या दारात आल्या. "अभयला सांग, काप म्हनावं." वळल्या आणि पुन्हा थांबल्या. "पन पडद्यावर कळायच्या आदी त्यांना माज्या तोंडून कळलं पायजे. उद्याच निगू."

मी म्हणालो, निदान हौसाआक्कांना तरी ठेवू, घरातल्याच आहेत. मावशींनी मान हलवली. "घरातली म्हनून तिला ठिवली, तर आंबीच्या बायांना काय तोंड दावू? ती क्यामेऱ्यात बगती, त्यानं कमलवरचं ध्यान उडतं. अभय बोलला त्ये खरं हाय."

मग माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या गावोगाव गेल्या. आंबीच्या गेटवर बायांनी ऐकून घेतलं, एकमेकींकडे बघितलं आणि एक जण म्हणाली, "मावशी, आमची सावली तरी ऱ्हायली का?" सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. औंढ्यात एकानं टेम्पोचं भाडं मागितलं. त्यांनी मुकाट्यानं कबूल केलं. बाजारात एक जण म्हणाला, असू दे मावशी, मला तर आठवतही नव्हतं. हे त्यांना टेम्पोवाल्यापेक्षा जास्त लागलं. प्रत्येक घरून निघाल्या की स्कूटर सुरू व्हायच्या आत म्हणायच्या, "चल, चल, अजून लय घरं हायेत."

तिकोणा पेठ त्यांनी शेवटी ठेवली होती. हौसाआक्का ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मावशींनी उभ्यानंच सांगितलं, आडवळण न घेता. आक्कांचा हात सुपात थांबला.

"मंग बोलावलंस कशाला, शांते?"

मावशी ओट्याजवळ सरकल्या.

"कमलला तरी ठाव नव्हतं. तुला तर ठाव हुतं." एवढं बोलून आक्का सूप उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मावशी ओट्याखाली उभ्या राहिल्या. तिकोणा गडाची सावली अंगणात आली तरी त्या तिथून हलायला तयार नव्हत्या. शेवटी मीच स्कूटर सुरू केली.

सिनेमा औंढ्यात बुद्धविहाराच्या अंगणात दाखवला. शाळेनं खुर्च्या दिल्या, पडदा म्हणून पांढरी चादर ताणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या. कमल झालेली पौर्णिमा शेवटी रिकाम्या रस्त्याकडे बघते तेव्हा मागच्या बायांतून हुंदका आला. पुण्या-मुंबईहून मदत करणारे काही जण आले होते, त्यांना डायरेक्टरबरोबर फोटो काढायचा होता. डायरेक्टर मात्र अंगणात नव्हत्या. त्या खाली रस्त्यावर उभ्या होत्या. तिकोणा पेठेच्या लोकांना आणायला त्यांनी गाडी पाठवली होती. गाडी आली तेव्हा तिच्यातून कमलची मुलं उतरली, शेजारी उतरले. हौसाआक्का उतरल्या नाहीत.

लोक अभिनंदन करत होते आणि मावशी मला बाजूला घेऊन विचारत होत्या, "तुला कदी येळ हाय? आक्काचा पिच्चर करायचाय."

"सगळी शिल्लक संपलीय मावशी."

"तुजा क्यामेरा तर संपला न्हाई ना?"

आम्ही गेलो. आक्कांनी दार उघडलं नाही. पुन्हा गेलो, तेव्हा दार उघडं होतं, पण आक्का शेतावर निघून गेल्या. तिसऱ्या खेपेला ओट्यावरच बसलेल्या सापडल्या. मावशींनी मला खूण केली आणि मी कॅमेरा समोर लावला. आक्कांनी आधी मला, मग मावशींना, मग सगळ्या सिनेमावाल्यांना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी माझ्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. रागाचा भर ओसरल्यावर आक्का कमलबद्दल बोलायला लागल्या. त्या सिनेमानंतर ती या घरात सून म्हणून आली. दोघी विहिरीवर जायच्या. एक दिवस हंडा डोक्यावर घेऊन तिनं आक्कांना दाखवलं होतं, कसं उभं राहायला सांगितलं होतं ते. हे मावशींनाही माहीत नव्हतं. मी मागे बघितलं नाही. पण मावशी "थांबा" म्हणाल्या नाहीत. मेमरी कार्ड भरून कॅमेरा आपोआप बंद पडला.

निघताना आक्का मावशींशी बोलल्या नाहीत. चहाही विचारला नाही.

ते शूटिंग जोडून व्हायच्या आत मावशींच्या मुलाची, संदीपची कंपनी गुजरातला हलली. तो आंबीला कामाला होता. नोकरी टिकवायची तर जायला हवं होतं. आणि आईला एकटं ठेवायला तो तयार नव्हता. मावशींनी क्लास पौर्णिमाच्या हवाली केला. सामानाचा टेम्पो भरत होता त्या सकाळी मी आणि शबाना औंढ्याला गेलो. मावशी प्रत्येक बोचकं पुन्हा सोडून पुन्हा बांधत होत्या, हमालांना रस्ता सांगत होत्या, शेजारणीला कोंबड्यांबद्दल बजावत होत्या. शबानानं त्यांना मिठी मारली, तर तिच्या खांद्यावरूनच मला म्हणाल्या, "आक्काचं झालं का रं जोडून? झालं की आदी तिला दाव. मला नंतर." टेम्पो सुटला. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. ड्रायव्हरला डावीकडे घे म्हणून सांगत होता.

थोड्या दिवसांनी मी लॅपटॉप घेऊन एकटाच तिकोणा पेठेत गेलो. आक्कांना ओट्यावर बसवलं आणि सुरू केलं. त्यांनी पापणी न लवता पाहिलं.

"येवडी म्हातारी झाले व्हय मी?" मग म्हणाल्या, "पुन्ना लाव."

पुन्हा लावलं. अर्ध्यावर त्यांनी शेजारणीला हाक मारली. शेजारीण सुनेला घेऊन आली, सून आणखी कुणाला. ओटा भरला. आक्का सगळ्यांना सांगत होत्या, आता बगा, आता कमलचं येतंय. पाहून झाल्यावर त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "शांती कुटं हाय? आली न्हाई व्हय?"

मी सांगितलं, गुजरातला गेल्या, मुलाकडे.

आक्का लुगड्याचा काठ बोटांत धरून त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. "मला न भेटता गेली," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात शेजारीण पुढे आली. तिच्या आईनं धरणाच्या कामावर माती वाहिली होती, आता ती थकलीय, पण सगळं आठवतंय. तिचा असा पिच्चर होईल का? तांदूळ ती देईल. दुसरी म्हणाली, गाडी आमची घ्या. मी म्हटलं, अहो, डायरेक्टर इथे नाहीत.

"न्हाई तर न्हाई," आक्का म्हणाल्या. "फोन हाय ना तुज्याकडं? लाव तिला."

मी अंगणात जाऊन फोन लावला. पलीकडे बायांचा गलका ऐकू येत होता. मावशींनी तिथेही कुणाकुणाला जमवलं असावं. मी सांगितलं, आक्कांनी दोनदा पाहिलं. सांगितलं, तुम्हाला विचारत होत्या. पलीकडे मावशींनी बायांना "गप बसा गं" म्हटलं आणि गलका थांबला. मग मी शेजारणीच्या आईचं सांगितलं.

"कुटं हाय ती म्हातारी? घरात?" मावशींनी विचारलं.

"हो. पलीकडच्याच घरात."

"क्यामेरा आनलाय?"

"स्कूटरच्या डिकीत आहे."

"मंग मला काय फोन लावत बसलाईस?" मावशी ओरडल्या. "जा की! ऊन चाललंय!"